लोकप्रतिनिधीच्या यादीत पहिलं काय हवं? (स्वच्छ ऊर्जा आणि पर्यावरण)

ओलीमाती

आमच्या लोकप्रतिनिधींनी मतदारांकडून सूचना मागवल्यात. विषय स्वच्छ ऊर्जा आणि पर्यावरण, अट एकच, सगळं एका पानात बसलं पाहिजे. सोबत त्यांच्या स्वतःच्या प्राधान्यांचं पत्रक आहे, ते मी दोनदा वाचलं. सौर, पवन, झाडं, नद्या, हवा, प्लास्टिक, विजेवरच्या गाड्या, शाळांमधून जागृती, असे चौदा मुद्दे आहेत. एकाही मुद्द्यात तारीख नाही, आकडा नाही, आणि हे नेमकं कोण करणार तेही नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला खोडायला बरं. झाड कुणीही लावू शकतं, पॅनेल कुणीही बसवू शकतं. कायदा बदलणं, अंदाजपत्रकात पैसे धरायला लावणं, मंत्र्याला सभागृहात उभं करून उत्तर मागणं, ही कामं मात्र निवडून आलेल्या माणसालाच करता येतात. मग त्याच्या यादीत आधी तीच नकोत का?

हे डोक्यात बसलं ते लंडनच्या गोष्टीमुळे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धूर आणि धुकं साचून राहिलं. तेव्हाच्या हिशेबाने चार हजार माणसं गेली, पुढच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. सरकार चालढकल करत होतं. या धुराच्या चौकशीसाठी नेमलेल्या बीव्हर समितीचा अहवाल १९५४ मध्ये आला तरी कायदा काही येईना. तेव्हा जेराल्ड नाबारो नावाच्या खासदाराने, जो मंत्री वगैरे नव्हता, होता सत्ताधारी पक्षाचाच, त्याने स्वतःचं खासगी विधेयक मांडलं. "आम्ही आमचं विधेयक आणतो" असं सरकारकडून वदवून घेतल्यावरच त्याने ते मागे घेतलं, आणि १९५६ चा क्लीन एअर ॲक्ट आला. त्यात नुसती धुराची बंदी नव्हती, घरातली शेगडी बदलायच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा अशीही सोय होती. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तर प्रश्न असा की पानावर तीनच मुद्दे लिहायचे असतील तर तुम्ही कुठले लिहाल? आणि ते तीनच का?

निवांत

हवा. पाणी उकळून पिता येतं, हवा उकळता येत नाही.

तर्ककर्कश

मी विरोधात लिहिणार आहे, राग नसावा. पहिला मुद्दा वीज पोचवणं आणि ती परवडणं हाच असला पाहिजे, बाकी सगळं त्याच्यानंतर. जगात अजून दोन अब्जांहून जास्त माणसं लाकूड, गोवऱ्या, कोळसा असलं काहीतरी जाळून स्वयंपाक करतात. तो धूर बाहेरच्या आकड्यांत दिसत नाही, तो थेट बाईच्या आणि तिच्या पाठीशी बांधलेल्या पोराच्या छातीत जातो. ज्यांच्या घरी बटण दाबलं की सगळं होतं त्यांना नदी, पक्षी, जंगल सुचतं. नाबारोचं उदाहरण चांगलं आहे, पण लंडनच्या लोकांकडे शेगडी बदलल्यावर जाळायला दुसरं काहीतरी होतं हे विसरू नका. पर्याय आधी, बंदी नंतर.

ओलीमाती

@तर्ककर्कश, राग कसला, तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत. कायद्यात बंदीसोबत शेगडीचा खर्च होता, म्हणजे पर्याय कायद्यातच लिहिलेला होता. चुलीच्या धुराचा मुद्दा मात्र माझ्या मनात आलाच नव्हता हे कबूल. धरते.

जुनाखांब

मी पारेषणात बत्तीस वर्षं काढली, म्हणजे मोठ्या दाबाच्या तारा, मनोरे, सबस्टेशन. त्यामुळे माझं उत्तर लोकांना कंटाळवाणं वाटतं पण मी ते दरवेळी देतो. पहिला मुद्दा तारा. दुसरा मुद्दा तारा. तिसरा तुम्ही ठरवा.

पवनचक्की उभारायला फार वेळ लागत नाही, सौर प्रकल्प तर त्याहून लवकर होतो. तारेला मात्र सात-आठ वर्षं सहज जातात. सर्व्हे, जमीन, जंगलाची परवानगी, रेल्वे ओलांडायची परवानगी, मग कोर्ट. पॅनेल तयार आणि वीज न्यायला रस्ता नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय. कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. बाहेर वारा असा सुटलाय की दारं वाजतायत, पडद्यावर पवनचक्क्यांचं उत्पादन चढत चाललंय, लाइन तिच्या मर्यादेला टेकली आणि मला फोन उचलून सांगायला लागलं की निम्मी मशीनं बंद करा. पलीकडचा पोरगा म्हणाला, "साहेब, वर्षातला सगळ्यात चांगला वारा आहे हो." त्याला काय सांगणार. त्याच रात्री दुसऱ्या टोकाला कोळशाचे संच चालू होते कारण वीज तिकडे पोचतच नव्हती.

आता कायदा काय करू शकतो ते ऐका. अमेरिकेत टेक्सासच्या विधिमंडळाने २००५ मध्ये ठरवलं की जिथे वारा चांगला आहे ते पट्टे आधी आखायचे आणि तिथपर्यंत तारा आधीच ओढायच्या, चक्क्या मागून येतील. सगळीकडे उलटं असतं, चक्कीवाला म्हणतो तार दाखव, तारवाला म्हणतो चक्की दाखव. तिथे तो पेच कायद्याने सोडवला. २०१४ च्या आसपास सुमारे ५,८०० किलोमीटर लाइन पूर्ण झाली आणि साडेअठरा हजार मेगावॅटची वाट मोकळी झाली. आणि टेक्सास म्हणजे तेलाचं राज्य बरं का.

उलट उदाहरण जर्मनीचं. उत्तरेचा वारा दक्षिणेच्या कारखान्यांकडे न्यायला सुएडलिंक नावाची सातशे किलोमीटरची लाइन, आधी २०२२ ला व्हायची होती. गावागावांतून मनोऱ्यांना विरोध झाला, २०१५ मध्ये कायदा बदलून केबल जमिनीखालून न्यायचं ठरलं, आराखडे परत पहिल्यापासून, आणि आता २०२८ म्हणतात.

निवांत

काका, तिसरा मुद्दा मी ठरवतो. तारा.

पाखरू

जुनाखांब काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण तुम्ही "जंगलाची परवानगी" हे शब्द अडथळ्यांच्या रांगेत टाकलेत तिथे मला थांबावंसं वाटलं. मी पक्षी बघणारी.

माळढोक घ्या. पंधरा किलोपर्यंत जाणारा पक्षी, जड अंग, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरचं नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही. जगात दीडशेच्या आसपास उरलेत. आणि त्यांना लागणारं उघडं माळरान, भरपूर ऊन, भरपूर वारा, हेच सौर आणि पवनवाल्यांनाही लागतं. भारतात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्या अधिवासातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितल्या, मग हे सगळीकडे शक्य नाही असं सरकारने मांडल्यावर मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. म्हणजे प्रकल्प उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या आणि मग न्यायालयात आपण विचारतोय की पक्षी कुठे होता.

मी एकदा तारेखाली मेलेला मोठा पक्षी पाहिलाय. माळढोक नव्हता, गिधाड होतं. अंगावर जखम दिसत नव्हती, पंख एका बाजूला पसरलेला, आणि तार वर अजून किंचित हलतेय असं मला वाटत राहिलं, हलत नसेलही. स्वच्छ ऊर्जा म्हटलं की मला ते आठवतं. म्हणून मी सौर-पवनच्या विरोधात गेले नाही, पण जागा आधी ठरवा, नकाशा आधी करा, हा माझा पहिला मुद्दा. माळरानाला सरकारी कागदात बऱ्याचदा पडीक जमीन म्हणतात, तो शब्द जरी कायद्यातून गेला तरी मी त्या माणसाला मत देईन.

जुनाखांब

@पाखरू, बरोबर आहे तुमचं. माझी लिहिण्यात चूक झाली, परवानगी हा अडथळा नाही, उशिरा लागणारी परवानगी हा अडथळा. रेघ कागदावर असताना ती दहा किलोमीटर सरकवायला एक दिवस लागतो. पाया खोदल्यावर दहा मीटर सरकवायला वर्ष जातं. आम्ही तारांवर पक्ष्यांसाठी चकत्या लावायचो, फिरणाऱ्या, त्याने फरक पडतो पण वारा-उन्हाने त्या गळून पडतात आणि नंतर कोणी बघायला जात नाही.

पाखरू

धन्यवाद काका. चकत्यांच्या देखभालीचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत, फार कमी लोक ते कबूल करतात. नॉर्वेत स्मोला बेटावर एक साधा प्रयोग झाला होता, पवनचक्कीच्या तीन पात्यांपैकी एक काळं रंगवायचं. चारच चक्क्यांवर केला, पण पक्ष्यांचे मृत्यू सत्तर टक्क्यांहून जास्त घटले. रंगाचा डबा लागतो फक्त, आणि चक्की उभी करायच्या आधी रंगवलं तर शिडीसुद्धा लागत नाही.

धूळपाटी

जरा वेगळा प्रश्न विचारू का, इथे जाणकार आहेत म्हणून. आमच्या शाळेच्या छतावर सौर पॅनेल बसवलेत. परवा भर दुपारी वीज गेली आणि शाळेतलीही गेली. मुलं मला विचारतायत, बाई, ऊन तर आहे, मग पंखा का बंद? मला उत्तर देता आलं नाही. बसवणाऱ्याने फसवलं का आम्हाला?

जुनाखांब

फसवलं नाही बाई. तुमचा इन्व्हर्टर ग्रीडला, म्हणजे बाहेरच्या विजेच्या जाळ्याला बांधलेला आहे. बाहेरची वीज गेली की तो स्वतःहून बंद होतो, तसा तो झालाच पाहिजे. कारण समजा लाइनमन खांबावर चढलाय, त्याला वाटतंय तार मेलेली आहे, आणि तुमच्या छतावरून तिच्यात वीज शिरतेय, तर तो माणूस जाईल. वीज गेल्यावरही पंखे चालायला हवे असतील तर बॅटरी आणि शाळेला ग्रीडपासून तोडणारा वेगळा स्विच असलेला इन्व्हर्टर लागतो. मुलांना लाइनमनची गोष्ट सांगा, त्यांच्या लक्षात राहील.

धूळपाटी

सांगितली. एकाने विचारलं, मग लाइनमन काकांना आमचं छत दिसतं का. काय सुंदर प्रश्न आहे!

चिमणीखाली

इतका वेळ वाचत होते. हवेबद्दल एकच ओळ आली वर, म्हणून लिहिते.

मी औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत वाढले आणि अजून तिथून फार लांब राहत नाही. नाव लिहीत नाही, घरातली माणसं तिथे कामाला आहेत. आमच्याकडे दोरीवरचे कपडे आधी झटकायचे आणि मग घडी घालायची. हे मी लहानपणापासून इतकं बघितलं होतं की सगळेच झटकत असतील असं वाटायचं. लग्नानंतर सासरी पहिल्यांदा दोरीवरचा टॉवेल काढून झटकला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, काय गं, काही पडलंय का त्याच्यावर?

राख बारीक असते, पावडरसारखी. दिवसा तितकी नसते. आई अंथरूण गच्चीवर घालू द्यायची नाही. पहाटे गच्चीवर बोट फिरवलं की रेघ उमटायची, आणि फाटकाबाहेरच्या फलकावर प्रदूषणाचे आकडे हिरव्या अक्षरात, मर्यादेच्या आत, वर्षभर. भावाला दमा आहे. राखेमुळेच आहे असं मी म्हणत नाही, मला कसं कळणार. पण फलकावरचा आकडा आणि गच्चीवरची रेघ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

कळसूत्र

@चिमणीखाली, मी सांगू शकेन थोडंसं. मी चिमणीतल्या मोजमापाची उपकरणं दुरुस्त करतो, वेगवेगळ्या कारखान्यांत. तुमच्या केंद्रात काय झालं ते मला माहीत नाही, पण हे होतं कसं ते माहीत आहे.

राख अडवायला इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर असतो, आम्ही ईएसपी म्हणतो. धूर मोठ्या पत्र्यांमधून जातो, राखेला विजेचा भार देतात, ती पत्र्यांना चिकटते, मग हातोड्यांनी ठोकून खाली पाडतात. त्याचे फील्ड असतात, म्हणजे पत्र्यांचे वेगवेगळे भाग, एकामागे एक. ते चालवायला वीज लागते आणि त्यातलं एखादं फील्ड बिघडतं, ट्रिप होतं. दिवसा कोणी बघायला येऊ शकतं, चिमणीचा रंग दिसतो, तेव्हा धावपळ करून चालू करतात. रात्री नाही केलं तरी कुणाला दिसत नाही.

आता आकडा. उपकरण दर काही सेकंदाला मोजतं, फलकावर किंवा अहवालात जातं ते सरासरी. दिवसाचे चांगले तास आणि रात्रीचे वाईट तास मिसळले की मर्यादेच्या आतला आकडा निघतो. कुणी खोटं लिहावंही लागत नाही. आणि दुसरं म्हणजे काही ठिकाणी उपकरणाची रेंजच, म्हणजे ते कुठपर्यंत मोजेल ती मर्यादाच, अशी लावलेली असते की त्याच्यावर गेलं की काटा तिथेच टेकून राहतो, मग खरा आकडा कुठेच नोंदला जात नाही. मी एका ठिकाणी रेंज वाढवून द्यायला गेलो तर मला सांगितलं, आहे तशीच राहू द्या. मी कागदावर लिहून सही करून आलो, त्यानंतर तिथलं काम मला मिळालं नाही.

चिमणीखाली

इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं. सही करून आलात त्याबद्दल तुमचे आभार मानते, आणि हे मनापासून लिहितेय.

अनुस्वार

आता मला राहवत नाही, मी कायद्याचे मसुदे वाचण्याचं काम करतो. कळसूत्र यांनी जे सांगितलं ते सगळं मसुद्यातल्या एका शब्दावर ठरतं. "सरासरी" किती काळाची? नोंद कोणाच्या ताब्यात? ती जनतेला बघता येणार का? ओलीमातीताई विचारतायत की लोकप्रतिनिधीने काय करावं, तर हे करावं. समितीत बसून तो शब्द बदलून घ्यावा.

अमेरिकेत एडमंड मस्की नावाचे सिनेटर होते, हवा आणि पाण्याच्या प्रदूषणावरच्या उपसमितीचे अध्यक्ष, १९६३ पासून. त्यांनी सात वर्षं सुनावण्या घेत घालवली, आणि मग १९७० चा क्लीन एअर ॲक्ट सिनेटमध्ये ७३ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. त्यात "गाड्यांचं प्रदूषण कमी करण्याचे प्रयत्न केले जातील" असलं काही नव्हतं, १९७५ पर्यंत काही वायू ९० टक्क्यांनी कमी असं लिहिलं होतं. गाड्या बनवणारे म्हणाले तंत्रज्ञानच अस्तित्वात नाही. १९७५ च्या मॉडेलपासून गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारं उपकरण, लागले. आणि त्याच कायद्यात साध्या नागरिकालाही कोर्टात जाता येईल असं कलम होतं, म्हणजे अधिकारी झोपला तरी गच्चीवर रेघ ओढणारी बाई जाऊ शकते.

तर्ककर्कश

@अनुस्वार, अर्धी गोष्ट सांगू नका. त्या ९० टक्क्यांची मुदत नंतर वाढवून दिली होती, एकदा नव्हे. मग तारीख लिहून काय मिळालं? आमच्याकडे काय आणि कुठेही काय, तारखा पुढे ढकलण्यासाठीच असतात.

अनुस्वार

वाढवली हे खरं. पण तारीख कायद्यात होती म्हणून ती वाढवायला सगळ्यांदेखत मागायला यावं लागलं, कारण द्यावं लागलं, नोंद झाली. तारीख नसती तर काहीच ढकलावं लागलं नसतं. आणि अखेरीस ते प्रमाण गाठलं गेलं, उशिराने.

ब्रिटनने २००८ च्या हवामान कायद्यात याच्यावर चांगला तोडगा काढला. कार्बनचं उत्सर्जन घटवायचं २०५० चं लक्ष्य लांबचं असतं, तेव्हा आजचा एकही मंत्री खुर्चीत नसणार. म्हणून त्यांनी पाच-पाच वर्षांचे टप्पे केले आणि एक स्वतंत्र समिती बसवली, जी दरवर्षी संसदेला सांगते की सरकार वाटेवर आहे की नाही, आणि सरकारला तिला उत्तर द्यावंच लागतं. २०१२ मध्ये तिथली ४० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळसा केंद्र, रॅटक्लिफ, बंद झालं. कायद्यानेच सगळं झालं असं नाही, कार्बनवरचा कर होता, समुद्रातल्या पवनचक्क्या स्वस्त झाल्या, गॅस होता. पण दरवर्षी कुणीतरी हिशेब मागत होतं.

कोळशाचापोर

रॅटक्लिफ बंद झालं हे वाचून इथे सगळ्यांना आनंद होतोय, होऊ दे, मलाही हवा स्वच्छ हवीच आहे. पण माझे वडील खाणीत होते आणि मला या धाग्यात आमचं नाव कुठेच दिसलं नाही म्हणून लिहितोय.

खाणीत उतरताना लॅम्प रूममधून दिवा घ्यायचा आणि नंबरचा बिल्ला जमा करायचा. वर आल्यावर दिवा द्यायचा, बिल्ला परत. पाळी संपल्यावर फळीवर एखादा बिल्ला लटकलेला राहिला तर सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा. आमच्या वस्तीतली दुकानं, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, सगळं खाणीवर होतं. खाण बंद झाली तेव्हा फळी काढली. वडिलांना तीन आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं, कॉम्प्युटरचं. बावन्नाव्या वर्षी. ते रोज नीट कपडे घालून जायचे आणि वहीत लिहून आणायचे, ती वही माझ्याकडे आहे. नोकरी कोणी दिली नाही.

स्पेनने २०१८ मध्ये खाणी बंद करताना आधी कामगार संघटनांशी करार केला, ४८ वर्षांच्या वरच्यांना लवकर निवृत्ती, बाकीच्यांना त्याच भागात पर्यावरण सुधारणेची कामं. जर्मनीने २०२० च्या कायद्यात कोळसा जास्तीत जास्त २०३८ पर्यंत असं लिहिलं आणि त्याच्यासोबत खाणींच्या प्रदेशांसाठी निधीचा वेगळा कायदा केला. माझा मुद्दा एवढाच की जी तारीख चिमणीला लावता तीच तारीख आमच्या पगाराच्या व्यवस्थेला लावा. एकच कायदा, एकच दिवस. आधी बंद, मग बघू, असं परत नको.

तर्ककर्कश

@कोळशाचापोर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडिलांची वही जपून ठेवा.

चिमणीखाली

माझ्या घरचे त्याच फाटकातून आत जातात. तुम्ही लिहिलंत ते मला लिहायचं धाडस होत नव्हतं. राखही नको आणि फाटक बंद झालेलंही नको, अशी आमची अवस्था आहे.

निवांत

मग वाटा द्या ना लोकांना. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनसमोर समुद्रात मिडलग्रुंडेन म्हणून वीस पवनचक्क्या आहेत, २००० सालच्या, ४० मेगावॅट. त्यातल्या अर्ध्या सहकारी संस्थेच्या, आणि आठ हजारांवर साधे लोक तिचे सभासद. पुढे तर त्यांनी कायदाच केला होता, जमिनीवर नवी चक्की उभारायची तर निदान २० टक्के वाटा साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी देऊ करायचा. दारातली चक्की आपली असेल तर तिचा आवाज कमी येतो. :)

जुनाखांब

खरं आहे. मनोऱ्याला सगळ्यात जास्त विरोध तिथे होतो जिथे वीज फक्त वरून जाते आणि खाली दिवा मिणमिणता असतो.

पाखरू

वाटा लोकांना मिळावा, पण पक्ष्याला कोण वाटा देणार? त्याच्यासाठी नकाशाच लागतो.

ओलीमाती

चार दिवस धागा वाचतेय. चौदा मुद्द्यांच्या पत्रकावर चिडून लिहायला बसले होते, आता ते पत्रक बाजूला ठेवलंय. पान लिहिलं. तीनच मुद्दे ठेवलेत, बघा.

एक. नवीन तारा, सौर आणि पवन प्रकल्प यांच्या जागांचा नकाशा प्रकल्प मंजूर होण्याआधी करावा, त्यात पक्ष्यांचे, माळरानांचे पट्टे वगळलेले असावेत, आणि उरलेल्या जागांपर्यंत तारा आधी ओढण्याची तरतूद अंदाजपत्रकात असावी. कायद्यातून "पडीक" हा शब्द जावा.

दोन. प्रत्येक चिमणीतून बाहेर पडणाऱ्या राखेची आणि वायूंची दैनिक सरासरी सर्वांना पाहता येईल अशी जाहीर करावी, आणि मर्यादा मोडल्यास नागरिकाला थेट न्यायालयात जाता यावं. कोणतं केंद्र कधी बंद होणार त्याची तारीख कायद्यात असावी, आणि त्याच कलमात तिथल्या कामगारांच्या पगाराची, निवृत्तीची सोय.

तीन. धुराचं इंधन वापरणाऱ्या घरांना पर्याय पोचवण्याचा खर्च सरकारने उचलावा, आणि या तिन्हींचा हिशेब दरवर्षी स्वतंत्र समितीने सभागृहात मांडावा.

तर्ककर्कश, तुमचा मुद्दा तिसरा गेलाय, पहिला नाही, चालेल का?

तर्ककर्कश

मी असतो तर पहिलाच ठेवला असता. पण पान तुमचं आहे, आणि खर्च सरकारने उचलावा हे शब्द आलेत, त्यामुळे चालेल. "हिशेब" वाक्य मात्र तिसऱ्यातून काढून वेगळं खाली लिहा, तिथे ते झाकलं जातंय.

कोळशाचापोर

"त्याच कलमात" लिहिलंत. बास, मला एवढंच हवं होतं.

कळसूत्र

दुसऱ्या मुद्द्यातला "दैनिक सरासरी" शब्द काढा ताई. त्याच्यातच रात्र लपते. "दर तासाची नोंद, उपकरणाच्या रेंजसह" असं लिहा.

ओलीमाती

बदललं. हिशेबाचं वाक्यही वेगळं केलं, अजूनही एका पानात बसतंय. उद्या सकाळी स्वतः नेऊन देते आणि पोच घेऊन येते.

चिमणीखाली

पोचवर तारीख घालून घ्या.